छायाचित्राची कागदी प्रत

आज ज्याच्या खिशांत फोन आहे त्याच्या खिशांत कॅमेराहि आहे. आणि ज्याच्यापाशीं कॅमेरा आहे त्याच्यापाशीं हजारों छायाचित्रें आहेत. लग्नाचीं, सहलीचीं, नव्या बाळाचीं, इतकेंच नव्हे तर ताटांत वाढलेल्या जेवणाचीं आणि विजेच्या बिलाचींहि. चित्रांची अशी रेलचेल जगाच्या इतिहासांत पूर्वीं कधींहि झालेली नव्हती. आणि तरीहि मुंबईच्या, लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या कलादालनांत भिंतीवर टांगलेलीं पन्नास-पाऊणशें कागदी छायाचित्रें पाहण्यासाठीं माणसें मुद्दाम वेळ काढून जातात, तिकिटें काढतात, एकेका कागदासमोर उभीं राहतात, मागें सरतात, पुन्हां जवळ येतात. तेंच चित्र घरबसल्या फुकट दिसत असतां ही यातायात कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अडाणीपणाचा ठरत नाहीं. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे छायाचित्र ही वस्तु मुळांत काय आहे, ह्याचाच उलगडा होऊं लागतो.

ह्या कामीं एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. ‘छायाचित्र’ ह्या एकाच शब्दानें दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक, कॅमेऱ्यानें टिपलेली प्रतिमा. दुसरी, ती प्रतिमा ज्यावर उतरली आहे तो कागद. पहिलीला वजन नाहीं, ठराविक लांबीरुंदी नाहीं, पाठ नाहीं. दुसरीला हें सर्व आहे. ती हातांत धरतां येते, तिच्या पाठीवर लिहितां येतें, ती फाटते, पिवळी पडते आणि नीट जपली तर तीन-चार पिढ्या टिकतेहि. फोटोग्राफरांच्या बोलींत हिला ‘प्रिंट’ म्हणतात; मराठींत ‘प्रत’ हा शब्द तिला पुरेसा आहे. प्रदर्शनांत मांडली जाते ती प्रत होय, प्रतिमा नव्हे.

प्रतिमा फोनवर पाहणें आणि प्रत समोर ठेवून पाहणें ह्यांतला पहिला फरक उजेडाचा. फोनची कांच स्वतः प्रकाश फेंकते. कागद आपल्यावर पडलेला प्रकाश परत करतो. कांचेवरचा उजेड बोटाच्या एका हालचालीनें कमीजास्त होतो, एका फोनवर तांबूस दिसणारा चेहरा दुसऱ्यावर फिकट दिसतो, आणि चित्राचा आकार तर तळहाताएवढा किंवा भिंतीएवढा कसाहि होऊं शकतो. म्हणजे तेथें ‘हें चित्र असें आहे’ असें निश्चित विधान करण्यास जागाच नसते. कागदावर तें विधान केलेलें असतें. चित्र केवढें असावें, काळोख किती गडद असावा, पांढरा रंग दुधासारखा असावा कीं हस्तिदंतासारखा, कागद झळाळता असावा कीं खरबरीत, हे सर्व निर्णय प्रत तयार होतांना घेतले जातात आणि मग ते बदलत नाहींत. प्रत म्हणजे छायाचित्रकाराचा शेवटचा शब्द, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

हा शब्द उच्चारणें सोपें नसतें. चकचकीत कागदावरील सर्वांत पांढरी जागा ही त्याच कागदावरील सर्वांत काळ्या जागेपेक्षां फार तर शंभर-सव्वाशें पट उजळ असते. परंतु दुपारच्या उन्हांतला चुन्याचा पांढरा ओटा आणि त्याच घराच्या माजघरांतला अंधार ह्यांच्यांतील अंतर हजारों पटींचें असतें. हें मोठें अंतर त्या लहान मापांत कसें बसवावयाचें, कोठें अंधार सांडूं द्यावयाचा आणि कोठें उजेड राखावयाचा, ह्यांतच प्रत काढणाराची कला आहे. अंधारखोलींत निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पडत असतांना तो एखाद्या भागावर हातानें किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यानें थोडा वेळ अडवतो, तेव्हां तो भाग उजळ राहतो. दुसऱ्या भागावर थोडा अधिक वेळ पडूं देतो, तेव्हां तो गडद होतो. मग डेव्हलपरच्या तबकांत कोरा कागद हळूहळू चित्रमय होऊं लागतो, आणि हायपोंत तें चित्र कायम होतें. एकाच निगेटिव्हमधून दोन जाणत्या माणसांनीं काढलेल्या दोन प्रती म्हणूनच सारख्या निघत नाहींत.

ह्याचें सर्वपरिचित उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचें आहे. १९४१ च्या शरद ऋतूंत न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ ह्या खेड्याजवळून मोटारीनें जातांना त्यांना एक दृश्य दिसलें: वर चंद्र, दूर बर्फाच्या डोंगरांची रांग, आणि खालीं स्मशानांतील पांढऱ्या क्रुसांवर मावळत्या सूर्याचे शेवटचे किरण. घाईगर्दींत त्यांना आपलें प्रकाशमापक यंत्र सांपडेना. चंद्राची उजळता किती असते हें त्यांना ठाऊक होतें; त्यावरून मनांतल्या मनांत हिशेब करून त्यांनीं आठ इंच बाय दहा इंचांच्या फिल्मवर एक चित्र घेतलें. दुसरें घेण्याची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचें ऊन निघून गेलेलें होतें. त्या एकमेव निगेटिव्हमधून अ‍ॅडम्स यांनीं पुढील आयुष्यांत एक हजारांहून अधिक प्रती काढल्या. आरंभीच्या प्रतींत आकाश करड्या रंगाचें असून त्यांत फिकट ढग दिसतात. निगेटिव्हचा खालचा भाग फार पातळ असल्यामुळें १९४८ सालीं त्यांनीं तो रासायनिक क्रियेनें दाट करून घेतला. आणि जसजशीं वर्षें लोटलीं तसतसें त्यांच्या प्रतींतील आकाश गडद होत जाऊन अखेर जवळजवळ काळें झालें. अ‍ॅडम्स तरुणपणीं पियानो शिकलेले होते. निगेटिव्हला ते स्वरलिपीची उपमा देत आणि प्रतीला प्रत्यक्ष वादनाची. एकच बंदिश एकच गवई तिशींत आणि सत्तरींत निराळी गातो, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाहीं.

तथापि प्रत ही नेहमीं छायाचित्रकाराच्याच हातची असते असें नाहीं. फ्रान्सचे आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांना अंधारखोलींतील कामाची गोडी नव्हती. त्यांच्या प्रती पॅरिसमधील एका प्रयोगशाळेंतील कसबी कारागीर काढीत, आणि ब्रेसाँ त्या पारखून घेत. सतारीचा नाद जसा वाजविणाराचा तसाच सतार घडविणाराचाहि असतो, तसेंच येथें समजावें. प्रदर्शनांत चौकटीखालीं एकच नांव असलें तरी त्या कागदामागें पुष्कळदां दोन माणसांची नजर असते.

रंगीत छायाचित्रांच्या बाबतींत प्रतीचें महत्त्व किती निर्णायक ठरतें, हें विल्यम एगल्स्टन ह्या अमेरिकन छायाचित्रकाराच्या कामावरून चांगलें कळतें. एगल्स्टन यांचा जन्म १९३९ चा, मेम्फिस शहरांतला. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अगदीं साधीं दृश्यें त्यांनीं रंगांत टिपलीं: पदपथावर उभी असलेली मुलाची तीनचाकी, उघडें फडताळ, रिकाम्या रस्त्यावरील मोटार. त्या काळीं छायाचित्रकलेचे जाणकार रंगाला जाहिरातींची आणि घरगुती अल्बमांची बाब समजत. कला म्हणावयाची ती काळ्यापांढऱ्या चित्रांतच. अशा वेळीं, १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत, शिकागोच्या एका प्रयोगशाळेचें दरपत्रक एगल्स्टन यांच्या वाचनांत आलें. त्यांत अगदीं स्वस्त प्रतीपासून अत्युच्च दर्जाच्या प्रतीपर्यंत सर्वांचे दर होते. ही सर्वांत महाग प्रत म्हणजे काय तें पाहण्यासाठीं ते तेथें गेले, आणि पुढें त्यांचें नांव त्या पद्धतीशीं कायमचें जोडलें गेलें. तिचें नांव डाय-ट्रान्स्फर, म्हणजे रंग उतरविण्याची पद्धति.

ही पद्धति कोडॅक कंपनीनें १९४६ सालीं बाजारांत आणली. हिच्यांत मूळ रंगीत चित्रावरून लाल, हिरव्या आणि निळ्या कांचेआडून तीन निरनिराळीं काळींपांढरीं निगेटिव्हें काढावीं लागतात. त्यांवरून जिलेटिनचे तीन सांचे होतात; चित्राच्या छटेप्रमाणें ह्या सांच्यांतील जिलेटिनचा थर कोठें जाड, कोठें पातळ असतो. एक सांचा निळसर रंगांत, दुसरा किरमिजी रंगांत आणि तिसरा पिवळ्या रंगांत भिजवितात. मग एकामागून एक ते तिन्ही सांचे एकाच कागदावर नेमके जुळवून दाबले जातात, आणि प्रत्येकांतला रंग कागदांत उतरतो. जुळणी केंसभर चुकली तर चित्र बिघडलें. आपल्याकडील छिटांच्या ठशांचें काम ज्यानें पाहिलें असेल त्याला ह्या खटाटोपाची थोडीशी कल्पना येईल. फरक इतकाच कीं येथें ठसा प्रकाशानें कोरलेला असतो. लाभ असा कीं तिन्ही रंग निरनिराळे हाताळतां येतात. तांबड्याला हवा तेवढा जोर देतां येतो आणि शेजारचा पांढरा रंग मुळींच बिघडत नाहीं. शिवाय अंधारांत ठेवल्यास हे रंग इतर पुष्कळ रंगीत प्रतींहून कितीतरी अधिक टिकतात.

एगल्स्टन यांचें १९७३ मधील एक चित्र आहे: रक्तासारखें लाल छत, मध्यें उघडा दिवा, आणि त्याला जोडलेल्या पांढऱ्या तारा. एवढेंच. छापील पुस्तकांत हें चित्र आपल्या मनासारखें कधींच उतरलें नाहीं, अशी त्यांची तक्रार असे. प्रत्यक्ष प्रत पाहिलेले लोक सांगतात कीं तेथें लाल रंग भिंतीवर दिलेला वाटत नाहीं, ओला वाटतो. हें ओलेपण प्रतिमेंत नाहीं, कागदांत आहे. १९७६ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत जॉन शार्कोव्हस्की यांनीं ह्या पद्धतीच्या पंचाहत्तर प्रतींचें प्रदर्शन मांडलें. रंगीत छायाचित्रांचें तेथील हें पहिलेंच प्रदर्शन, असें पुष्कळदां सांगितलें जातें तें बरोबर नाहीं. एलियट पोर्टर आणि अर्न्स्ट हास यांचीं रंगीत चित्रें त्यापूर्वींच तेथें मांडलीं गेलीं होतीं. परंतु वाद माजला तो एगल्स्टन यांच्या प्रदर्शनावर. वृत्तपत्रीय टीकाकारांनीं चित्रें क्षुद्र आणि कंटाळवाणीं ठरविलीं. आज तेंच प्रदर्शन रंगीत छायाचित्रकलेच्या इतिहासांतील एक वळण मानलें जातें.

पुढें काय झालें तें अधिक विचार करण्यासारखें आहे. डाय-ट्रान्स्फरला मुख्य आधार होता तो जाहिरातींच्या धंद्याचा. तें काम संगणकावर होऊं लागतांच गिऱ्हाईक आटलें, आणि १९९४ च्या सुमारास कोडॅकनें ह्या पद्धतीचें सामान तयार करणें बंद केलें. उरलेली फिल्म आणि रंग कांहीं थोड्या कारागिरांनीं सांठवून ठेवले व तीस वर्षें काटकसरीनें वापरले. अखेर सांठा संपत आला, तेव्हां उरल्यासुरल्या सामानांतून एगल्स्टन यांच्या निवडक चित्रांच्या शेवटच्या प्रती काढण्यांत आल्या आणि १९२४ मध्यें नव्हे, तर बरोबर त्यानंतर शंभर वर्षांनीं, २०२४ च्या अखेरीस लॉस एंजेलिस येथें ‘शेवटचे रंग’ अशा अर्थाच्या नांवानें त्या मांडल्या गेल्या. त्या भिंतींवर केवळ चित्रें नव्हतीं, एका विद्येचा शेवटहि होता. चित्राच्या फाइली लाखों होतील. परंतु तो लाल रंग त्या रीतीनें कागदांत पुन्हां उतरणें दुर्घट झालें आहे.

जेथें दुर्मिळता आली तेथें बाजारहि आला. त्याच छायाचित्रकाराच्या नांवानें झालेला एक खटला ह्या दृष्टीनें बोधप्रद आहे. २०१२ च्या मार्चमध्यें एगल्स्टन यांच्या जुन्या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या नव्या प्रती, संगणकाच्या साहाय्यानें शाईंत छापून, न्यूयॉर्कमध्यें लिलांवांत विकल्या गेल्या. छत्तीस प्रतींचे मिळून सुमारे एकोणसाठ लाख डॉलर आले. त्यांतील कांहीं चित्रांच्या मर्यादित संख्येच्या जुन्या डाय-ट्रान्स्फर प्रती एका संग्राहकानें पूर्वींच विकत घेतल्या होत्या. संख्या मर्यादित म्हणून आपण किंमत मोजली, आणि आतां तेंच चित्र पुन्हां निघालें, ही फसवणूक आहे, असें त्याचें म्हणणें. २०१३ सालीं न्यायालयानें त्याचा दावा काढून टाकला. नव्या प्रतींचा आकार निराळा, छपाईची पद्धति निराळी; म्हणून ती निराळी आवृत्ति होय, जुन्या आवृत्तीची वाढ नव्हे, असा न्यायालयाच्या निर्णयाचा मतितार्थ होता. म्हणजे प्रतिमा एक असली तरी प्रती दोन भिन्न वस्तु होत, ही गोष्ट कायद्याच्या दरबारांतहि मान्य झाली.

प्रतीच्या किमतीचा विचार करतांना आणखी एक शब्द कानांवर येतो: ‘व्हिंटेज’, म्हणजे चित्र घेतल्यानंतर लवकरच काढलेली प्रत. मॅन रे यांचें स्त्रीच्या पाठीवर व्हायोलिनच्या खांचा दाखविणारें १९२४ मधील चित्र कोणालाहि पुस्तकांत पाहतां येतें. परंतु त्याची मूळ प्रत २०२२ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या लिलांवांत सुमारे एक कोटी चोवीस लाख डॉलरांस गेली, आणि लिलांवांतील छायाचित्राच्या किमतीचा तो तोंवरचा उच्चांक ठरला. अशा आंकड्यांनीं डोळे दिपून जाऊं नयेत. किंमत आणि मोल ह्या दोन गोष्टी आहेत. संग्राहक दुर्मिळतेची किंमत देतो. पाहणाराला मिळतें तें मोल त्या कागदावर कलावंताच्या ताज्या नजरेचा जो ठसा राहिलेला असतो त्याचें असतें.

ह्यावर एक सबळ आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाहीं. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनीं १९३६ च्या सुमारास असें प्रतिपादिलें कीं एका निगेटिव्हमधून कितीहि प्रती निघतात, म्हणून त्यांतली ‘अस्सल’ कोणती हा प्रश्नच निरर्थक आहे. आणि ह्या अमर्याद प्रतींमुळेंच कला मूठभरांच्या हातांतून सुटून सर्वांपर्यंत पोंचते. ह्यांत मोठें सत्य आहे. छायाचित्राचा जन्मच मुळीं वांटला जाण्यासाठीं आहे. जाणूनबुजून दहाच प्रती काढून बाकीच्यांना वंचित ठेवणें हें त्याच्या स्वभावाशीं विसंगत दिसतें, आणि दालनांतील पांढऱ्या भिंतींचा दरारा सामान्य माणसाला दूरच ठेवतो हेंहि खोटें नाहीं. परंतु बेन्यामिन यांच्या तर्कानें अस्सलपणाचा प्रश्न सुटला तरी चांगल्या-वाईटाचा सुटत नाहीं. हजार प्रती निघूं शकतात म्हणून हजारहि सारख्या ठरत नाहींत. अ‍ॅडम्स यांचें काळें आकाश आणि करडें आकाश ह्यांतलें अस्सल कोणतें, हा प्रश्न निरर्थक असेल. त्या दोहोंतून त्यांना काय सांगावयाचें होतें, हा प्रश्न मात्र सार्थ आहे, आणि त्याचें उत्तर प्रती शेजारीं-शेजारीं टांगल्याखेरीज मिळत नाहीं.

प्रदर्शनाचें खरें काम हेंच, शेजारीं टांगण्याचें. १९५५ च्या २४ जानेवारीस न्यूयॉर्क येथें एडवर्ड स्टायकेन यांनीं मांडलेलें ‘मानव-कुटुंब’ ह्या अर्थाच्या नांवाचें प्रदर्शन ह्या कलेचें विख्यात उदाहरण होय. अडुसष्ट देशांतील दोनशें त्र्याहत्तर छायाचित्रकारांचीं पांचशें तीन चित्रें त्यांत होतीं. जन्म, खेळ, श्रम, विवाह, मृत्यु अशा क्रमानें तीं लहानमोठ्या आकारांत मांडलेलीं होतीं. कांहीं भिंतीएवढीं, कांहीं वहीएवढीं. पाहणारा चालत असे आणि चालतां चालतां कथा उलगडत असे. पुढें हें प्रदर्शन देशोदेशीं फिरलें, भारतांतहि आलें. आणि १९९४ पासून तें लक्झेंबर्गमधील क्लेर्व्हो येथील गढींत कायमचें ठेवलेलें आहे. चित्रांचा आकार आणि शेजार स्टायकेन यांनीं ठरविल्यामुळें छायाचित्रकारांचें स्वत्व लोपलें, अशी टीका त्यावर झाली. ती टीकाहि आमच्या मुद्द्याचीच साक्ष देते: आकार आणि शेजार बदलला कीं चित्राचा अर्थ बदलतो.

दालनांतील मंद उजेडाबद्दल पुष्कळ लोक कुरकुरतात. त्याचेंहि कारण आहे. प्रकाशानें जन्मलेली ही वस्तु प्रकाशानेंच झिजते. म्हणून नाजूक प्रतींवर सुमारे पन्नास लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं नये असा संग्रहालयांचा दंडक असतो. ढगाळ दिवशींहि उघड्यावर ह्याच्या शेंकडों पट उजेड असतो. कांहीं महिने टांगलेली प्रत मग दीर्घकाळ अंधारांत विश्रांति घेते. म्हणजे भिंतीवरची प्रत पाहणें ही नेहमीं मिळणारी गोष्ट नव्हे. आणि कांहीं अंशीं त्यामुळेंच माणसें तेथें जातात.

जेथें प्रतच निघालेली नाहीं तेथें काय होतें, हें व्हिव्हियन मायर ह्या बाईंच्या गोष्टीवरून कळतें. त्या शिकागोंत मुलें सांभाळण्याची नोकरी करीत आणि फुरसतीच्या वेळीं रस्त्यावरचीं छायाचित्रें घेत. २००७ सालीं त्यांचें थकलेल्या भाड्याचें सामान लिलांवांत निघालें, त्यांत निगेटिव्हांच्या पेट्याच्या पेट्या होत्या. पुष्कळ फिल्म तर धुतलीसुद्धां नव्हती. २००९ सालीं त्या वारल्या. त्यानंतर त्यांच्या चित्रांचीं प्रदर्शनें जगभर झालीं आणि त्यांची योग्यता सर्वांना पटली. परंतु लाखाच्या घरांत असलेल्या त्या चित्रांतून कोणतीं निवडावीं, केवढीं करावीं, किती गडद छापावीं, हें सर्व परक्यांनीं ठरविलें. नजर मायर यांची, शेवटचा शब्द दुसऱ्यांचा. आज फोनांत हजारों चित्रें सांठवून एकाचीहि प्रत न काढणारा प्रत्येकजण नकळत ह्याच वाटेनें चालला आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाहीं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं, लंडनच्या सोसायटीनंतर अवघ्या एका वर्षानें, स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्गहि निघाला. त्या पिढीचीं जीं चित्रें आज पाहावयास मिळतात तीं कागदावर उतरलीं म्हणून मिळतात. भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ह्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या होत्या. त्यांचा संग्रह आतां दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानानें जतन केला आहे. बंगळूर येथें २०२३ सालीं कला आणि छायाचित्रण यांचें स्वतंत्र संग्रहालय उघडलें. दयानिता सिंग यांनीं तर लांकडी घडीच्या कपाटांत प्रती बसवून, त्यांतील कांहीं दिसाव्या, कांहीं आंत राहाव्या आणि क्रम वारंवार बदलावा, अशीं चालतींफिरतीं संग्रहालयेंच रचलीं. २०२२ सालीं त्यांना हॅसलब्लाड पारितोषिक मिळालें.

परंतु प्रतीची सर्वांत निकडीची कथा दालनांत नाहीं, घरोघरच्या ट्रंकांत आहे. आजोबा-आजींचें लग्नानंतर स्टुडिओंत काढलेलें काळेंपांढरें चित्र साठ-सत्तर वर्षांनंतरहि स्पष्ट दिसतें, आणि १९८० च्या सुमाराचीं रंगीत चित्रें मात्र तांबूस, फिकीं होऊन गेलेलीं असतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कारण पहिल्यांत चित्र धातुरूप चांदीच्या कणांचें असतें, दुसऱ्यांत सेंद्रिय रंगांचें. आणि त्या रंगांतला निळसर रंग पुष्कळदां आधीं उडतो. काळ्यापांढऱ्या चित्रावर पिवळे डाग पडले असतील तर तें बहुधा हायपो नीट धुतला न गेल्याचें लक्षण असतें.

कोंकण-मुंबईच्या दमट हवेंत अशा प्रती टिकविण्यासाठीं थोडी दक्षता पुरते. प्रतीचा पृष्ठभाग जिलेटिनचा असतो. तो ओलसर झाला कीं कांचेला चिकटतो आणि त्यावर बुरशी धरते. म्हणून चौकटींत कांच आणि प्रत ह्यांमध्यें जाड कागदाची किनार देऊन अंतर ठेवावें, आणि पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीवर चौकट टांगूं नये. चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम टाळावे. त्यांतला डिंक चित्रांना खातो. प्रत कडेनें धरावी. पाठीवर नांवें, गांव आणि साल मऊ पेन्सिलीनें, कडेशीं, हलक्या हातानें लिहावें. शाईचा किंवा बॉलपेनचा उपयोग करूं नये. हें लिहिण्याचें काम वडील माणसें हयात असतांनाच झालें पाहिजे, कारण चेहरा कागदावर राहतो, नांव मात्र त्यांच्याबरोबर जातें. कसर आणि झुरळें ह्यांच्यापासून दूर, कोरड्या कपाटांत, साध्या कागदी पाकिटांत ठेवलेल्या प्रती पुढची पिढी पाहील.

आणि फोनांतल्या चित्रांचें काय? इंटरनेटच्या जनकांपैकीं एक, व्हिंट सर्फ यांनीं २०१५ सालीं असा इशारा दिला कीं आजच्या फाइली उद्यांच्या यंत्रांना वाचतां न आल्या तर हें शतक पुढच्या काळाला अंधारयुग वाटेल; आणि जीं चित्रें खरोखर प्रिय आहेत त्यांच्या प्रती काढून ठेवाव्या, असा सल्ला त्यांनींच दिला. संगणकाचें युग घडविणाऱ्या माणसानें कागदाची शिफारस करावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सर्व चित्रें छापणें शक्य नाहीं, इष्टहि नाहीं. वर्षाकांठीं वीस-पंचवीस निवडावीं, चांगल्या सुती कागदावर टिकाऊ शाईनें छापून घ्यावीं, आणि मागें चार शब्द लिहावे. निवडतांनाच कळून येतें कीं वर्षभरांत काय पाहण्यासारखें घडलें.

प्रदर्शनाला जाणाऱ्यानेंहि एवढेंच ध्यानांत ठेवावें. तेथें सर्व चित्रें पाहण्याची घाई करूं नये. चार प्रतींपुढें थांबावें. दुरून पाहावें, मग जवळून. काळ्या भागांत काय दडलें आहे तें शोधावें, कागदाचा पोत न्याहाळावा, आणि हें चित्र एवढेंच कां, मोठें किंवा लहान कां नाहीं, हा प्रश्न स्वतःला विचारावा. असंख्य चित्रें डोळ्यांवरून वाहून जाण्याच्या काळांत एका चित्रापुढें स्थिर उभें राहण्याची संवय कागदी प्रत लावते. तिचें मोल पैशांत सांगतां येतें त्याहून ह्या संवयींत अधिक आहे.